ताई, बोअर सरकारनं आधीच निवडून ठेवलाय, तुम्ही वजन निवडा

पत्र थोडं छोटं करून देतोय.

"काका, माझं वय ३८. तालुक्याच्या गावात आमचं सराफी दुकान आहे, मिस्टर गेल्यापासून चार वर्षं मीच बघते. रात्री आठला शटर ओढायचं आणि मी आणि दुकानातला मुलगा असे दोघं स्कूटीवर घरी, दोन किलोमीटर, मधे अर्धा रस्ता उसाचा. मागच्या दिवाळीत आमच्याच लायनीतल्या एकांना रस्त्यात अडवून बॅग नेली. तेव्हापासून रात्री नीट झोप नाही. शस्त्र परवान्याला अर्ज करायचं ठरवलंय. भाऊ डॅलसला असतो, तो म्हणतो डोळे झाकून ९ एमएमचं ग्लॉक १९ घे. यूट्यूबवर कुणी .४५ म्हणतं. गावातले एक ओळखीचे म्हणाले, बाईमाणसाला .२२ बास झालं. पहिलं हत्यार कुठलं घेऊ आणि कुठल्या बोअरचं? माझे वडील माझ्याकडेच राहतात, ७४ वर्षांचे, त्यांची जुनी १२ बोअर डबल बार घरात आहे. मुलगा ११ वर्षांचा."

ताई, आधी भावाचं बोलू, कारण तुमचा निम्मा गोंधळ तिथून आलाय. तो खोटं सांगत नाहीये, तो टेक्साससाठी बरोबर सांगतोय. तिथं ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असलेला माणूस दुकानात जातो, फॉर्म भरतो, बॅकग्राउंड चेक क्लिअर झाला की त्याच दिवशी ग्लॉक घेऊन घरी येतो, आणि २०२१ पासून तर अंगावर बाळगायलाही वेगळं लायसन्स लागत नाही. त्या बाजारात ९ एमएम हेच शहाणपणाचं उत्तर आहे, काडतुसं स्वस्त, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीतल्या गोळ्यांच्या डबीत, पंधरा राउंड म्हणजे काडतुसं, धक्का सहन होण्यासारखा. पण आपल्याकडे ९ एमएम म्हणजे पीबी, प्रोहिबिटेड बोअर, साध्या माणसाला बंदी असलेला. (बोअर किंवा कॅलिबर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप.) .३८ पण त्यातच. हे पोलिस आणि मिलिटरीचे बोअर, त्याचा परवाना दिल्लीला गृहमंत्रालयातून होतो आणि तालुक्याच्या सराफाला तो मिळेल असं धरून चालू नका. .४५ पण विसरा, कुणाचं जुनं हत्यार मिळालं तरी सरावाला काडतुसं कुठून आणणार.

म्हणजे कॅलिबरचा जो वाद तुमचा भाऊ आणि यूट्यूबवाले रात्र रात्र घालतात, तो इथं तुमच्यापुरता संपलेला आहे. आपल्याकडे साध्या माणसाला स्वतःच्या रक्षणासाठी हँडगन, म्हणजे हातातलं छोटं हत्यार, म्हणजे .३२. त्यातही दोन प्रकार आहेत आणि लोक इथंच फसतात. रिव्हॉल्व्हरचा .३२ म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, १८९६ सालचं काडतूस. पिस्तुलाचा .३२ म्हणजे .३२ एसीपी, ब्राउनिंगनं १८९९ साली केलेलं. नाव सारखं पण काडतूस वेगळं, एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही. दुकानात नुसतं "बत्तीसची डबी द्या" म्हणू नका, "रिव्हॉल्व्हरची" असं म्हणा, डबीवरचं वाचा आणि घरी येऊन परत वाचा.

आता ताकद. लपवत नाही, .३२ अशक्त आहे. रिव्हॉल्व्हरच्या गोळीची ऊर्जा ढोबळमानानं पावणेदोनशे ज्यूलच्या आतबाहेर, ९ एमएमची पाचशेच्या जवळ, म्हणजे जवळपास तिप्पट फरक. पण सिनेमात गोळी लागली की माणूस मागं उडतो, तसं ९ एमएमनंही होत नाही आणि .४५ नंही होत नाही. हँडगनची गोळी जिथं लागायला पाहिजे तिथं लागली तर काम करते, नाहीतर चिडलेला माणूस अंगावर येतच राहतो. तीन-चार मीटरवर, अर्ध्या अंधारात, हात थरथरत असताना तुम्ही दोन राउंड छातीच्या मापात बसवू शकता का, प्रश्न एवढाच आहे, आणि त्याचं उत्तर बोअरमध्ये नाही, हत्याराच्या वजनात, ट्रिगरमध्ये आणि तुम्ही वर्षाला किती राउंड मारता त्यात आहे.

म्हणून माझं सरळ मत, पहिलं हत्यार रिव्हॉल्व्हर घ्या, आणि हलकं घेऊ नका.

पिस्तूल का नको? पिस्तूल वाईट नाही, आपल्याकडे अशनी नावाचं .३२ चं सरकारी पिस्तूल आहे, चपटं असतं, कमरेला बरं बसतं. पण पिस्तुलात एक राउंड फुटला नाही की स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढून तो बाहेर काढायचा, दुसरा आत घ्यायचा, हे दोन्ही हातांचं काम आहे आणि ते झोपेत सुद्धा जमलं पाहिजे एवढी सवय लागते. त्यात मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नवीन माणसाला वाटतं आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, एक बसलेला असतो. घरात झालेल्या अपघातांत हे वाक्य कायम ऐकायला मिळतं, "मॅगझिन तर काढलं होतं". रिव्हॉल्व्हर उघडला की सहा घरं डोळ्यांसमोर, भरलेली किंवा रिकामी, वाद नाही. आणि एक फुटला नाही तर काय करायचं, परत ट्रिगर दाबायचा, पुढचं घर येतं.

राउंड न फुटण्याचं मला माहितीय कारण माझ्याच मूर्खपणानं झालंय. कोकणात पोस्टिंग होतं तेव्हा काडतुसांची डबी लाकडी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली होती, दोन पावसाळे तशीच. रेंजवर नेली आणि सहापैकी दोन वेळा नुसतं टक. शेजारचा हसत होता, मी घामाघूम. तेव्हापासून काडतुसं स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि जुनी आधी सरावाला संपवायची, नवीन ठेवायची, घरात तांदूळ जसे वापरतो तसं.

हलकं का नको ते सांगतो, कारण शोरूमवाला तुम्हाला पहिलं हलकंच दाखवणार. कानपूरच्या फॅक्टरीनं २०१४ साली निर्भीक काढलं, बायकांसाठी म्हणून, टायटॅनियम अलॉय, वजन अर्धा किलो, तेव्हा किंमत १,२२,३६० रुपये होती. नावामागची भावना समजते. पण हत्यार हलकं झालं की तोच धक्का हाताला जास्त बसतो आणि जोरात ट्रिगर ओढला की नळी जास्त हलते. जुना मार्क थ्री किंवा २०२३ मध्ये आलेला प्रबळ, हे दोन्ही आपल्याकडचे .३२ चे रिव्हॉल्व्हर, सातशे ग्रॅमच्या आसपास, ते हातात घेतल्यावर "बापरे जड आहे" वाटतं आणि मारायला लागल्यावर बरं वाटतं. मार्क थ्री जुन्या वेबली पद्धतीचा, अंगठ्यानं खटका दाबला की नळी खाली मोडते आणि रिकामी काडतुसं एकदम वर उचलली जातात. प्रबळचं सिलिंडर बाजूला उघडतं, आपल्याकडे बनलेल्यांत तसं ते पहिलंच. माझ्या हाताला मार्क थ्रीची सवय आहे म्हणून मी त्याच्या बाजूनं बोलेन, पण नवीन माणसानं दोन्ही बघावीत.

.२२ चं "बाईमाणसाला बास" मला मुळीच पटलेलं नाही. निडर म्हणून .२२ चा छोटा रिव्हॉल्व्हर आहे, अडीचशे ग्रॅमचा, गोंडस दिसतो. पण .२२ च्या काडतुसाचा मसाला कडेला भरलेला असतो, ते न फुटण्याचं प्रमाण मोठ्या काडतुसापेक्षा जास्त, आणि अडीचशे ग्रॅमचं काहीतरी चिमटीत धरून मारायचं म्हणजे नेम लागणं अवघड. .२२ सरावाला राजा आहे. आपली कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या एशियाडला २५ मीटर पिस्तुलात सोनं घेऊन आली ते .२२ वरच. पण ते किलोभराचं मॅच पिस्तूल होतं आणि समोर कागद होता.

शोरूमला जाल तेव्हा पर्समध्ये एक रुपयाचं नाणं न्या. हसू नका. आधी माणसाला रिव्हॉल्व्हर उघडून रिकामा दाखवायला सांगा, मग स्वतः सहाही घरांत बघा, त्यानं बघितलंय म्हणून तुम्ही सोडायचं नाही. त्याला विचारून भिंतीकडे नळी धरा, नळीवर पुढं नाणं ठेवायला सांगा आणि हॅमर, म्हणजे मागचा हातोडा, न ओढता नुसता ट्रिगर सावकाश दाबत न्या. आपल्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर जड असतो, पाच किलोच्या आसपास ओढ लागते, पहिल्यांदा बऱ्याच जणांचं बोट अर्ध्यातच थांबतं आणि नाणं फरशीवर पडतं. तुमचं बोट ट्रिगरवर पहिल्या पेरापर्यंत नीट पोचतंय का तेही बघा, मूठ मोठी असेल तर लाकूड किंवा रबर बदलून मिळतं. तीन मॉडेल असतील तर तिन्हीवर हेच करा. ज्याच्यावर नाणं सगळ्यात कमी वेळा पडलं तो तुमचा, मग त्याचं नाव काही का असेना. अंगठ्यानं हॅमर ओढून ठेवला की ट्रिगर अगदी हलका होतो, दुकानदार तसं करून दाखवेल, "बघा मॅडम किती सोपं". रेंजवर ठीक आहे. भीतीनं हात थरथरत असताना ओढलेला हॅमर म्हणजे नको तेव्हा उडालेली गोळी, ती सवय लावूनच घेऊ नका.

इम्पोर्टेडच्या नादाला लागू नका. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खाजगी माणसाला आयात जवळपास बंद झाली, त्यामुळे कुणाच्या आजोबांचं वॉल्थर, कुणाचं वेबली हेच हातोहात फिरतंय आणि त्याला लाखांत भाव येतो. पन्नास-साठ वर्षांची स्प्रिंग, पार्ट मिळत नाही. सोनं असतं तर तुम्ही स्वतः कस लावून बघितला असता ना, इथं कस लावणारा माणूस तालुक्यात नाही.

काडतुसांची तेवढी गैरसोय नाही, आपली केएफ शिक्क्याची म्हणजे खडकीची, पुण्यातलीच, १८६९ सालचा कारखाना आहे तो. पण कोटा परवान्यावर लिहिलेला असतो आणि एकेक राउंड खिशाला लागतो, त्यामुळे अमेरिकेसारखं शनिवारी जाऊन दोनशे राउंड मारून आलो असं इथं होत नाही. म्हणून सराव दोन जागी करा. एक, घरी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर डमी राउंड, म्हणजे न फुटणारी खोटी काडतुसं, टाकून नाण्याचा खेळ, रोज दहा मिनिटं, खरी काडतुसं त्या खोलीत सुद्धा नकोत. दुसरं, एअर पिस्तूल. .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतली एअरगन असेल तर तिला परवाना लागत नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दहा मीटरची रेंज कुठं ना कुठं निघालेलीच आहे. अर्ज केल्यापासून निकाल लागेपर्यंत बरेच महिने जातात, ते महिने तिथं घालवा. परवाना मिळेल न मिळेल, हात तयार होईल, आणि तुम्हाला हे आवडतंय का, झेपतंय का हेही कळेल. काहींना कळतं की नाही झेपत. त्यात कमीपणा नाही.

परवान्याचं थोडक्यात, कारण ते तुम्ही विचारलेलं नाही. ऑनलाइन अर्ज, फॉर्म ए-१, मग तुमच्याकडे जिल्हाधिकारी कार्यालय, जिथं पोलिस आयुक्तालय आहे तिथं आयुक्त. डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, त्यात मानसिक आरोग्यही येतं, आणि हत्यार सुरक्षित हाताळायचं ट्रेनिंग केल्याचं सर्टिफिकेट. पोलिस घरी येतील, शेजारी विचारतील. सराफ आहे एवढं कारण पुरत नाही, तुमच्या जिवाला धोका आहे हे दिसलं पाहिजे, तर त्या दिवाळीच्या लुटीच्या एफआयआरची कॉपी, स्वतःला काही धमकी आली असेल तर त्याची तक्रार, दुकानाचे कागद, हे सगळं जोडा. नाही म्हणाले तर लेखी कारण मागा, तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. परवाना पाच वर्षांचा. एजंटला पैसे देऊन दुसऱ्या राज्याचा परवाना आणायचं कुणी सुचवेल, त्याला चहा सुद्धा पाजू नका.

आता तुमचा रस्ता. इथं मी जरा कडू बोलणार. उसाच्या कडेला बाइकवरून दोघं येतात, एक मिरची पूड टाकतो, दुसरा बॅग ओढतो, पाच सेकंदांत संपतं. त्या पाच सेकंदांत स्कूटीवर मागं बसलेल्या तुम्ही रिव्हॉल्व्हर काढणार कुठून? पर्समधून? पर्सच तर ते नेणार आहेत, म्हणजे सोनं गेलं आणि वर सहा राउंड भरलेलं हत्यार चोराच्या हातात दिलं. रिव्हॉल्व्हर पर्समध्ये कधीच नाही, कमरेच्या होल्स्टरमध्ये, ओढणीखाली, कुणाला न दिसेल असा, नाहीतर दुकानाच्या तिजोरीत. आणि त्या रस्त्यासाठी खरा उपाय म्हणजे बॅगच नसणं. माल दुकानातल्या तिजोरीत किंवा बँकेत, घरी जाताना हातात फक्त डबा, आणि हे गावाला माहीत होऊ द्या, चहाच्या टपरीवर दोनदा मोठ्यानं बोललात तरी आठवड्यात सगळीकडे होईल. स्कूटीऐवजी रिक्षा ठरवा, वेळ बदलती ठेवा. रिव्हॉल्व्हर उपयोगी पडेल तो दुकानाच्या आत, काउंटरमागं, किंवा रात्री घरात, जिथं तुम्हाला दोन क्षण मिळतात.

घरात म्हणाल तर वडिलांची डबल बार आहेच की. १२ बोअर समोर .३२ म्हणजे पोरखेळ, एवढा फरक आहे. लांब आहे, बोळात वळत नाही, दोनच बार, खांद्याला दणका देते, हे सगळं खरं, पण बेडरूमच्या दारात उभं राहून जिन्याकडे धरायची असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच घरांत माहितीच नसते. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं जवळ असलं की तो हयात असतानाच वारसाच्या नावावर परवाना मागता येतो, आणि वारसात मुलगी येते, लग्न झालेली असली तरी. वडील ७४ चे आहेत, म्हणजे तो अर्ज आजच होऊ शकतो. २०१९ नंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं, त्यात ही एक आणि रिव्हॉल्व्हर दुसरा, बसतंय. मी तुमच्या जागी असतो तर आधी तिचा अर्ज टाकला असता.

अकरा वर्षांच्या मुलाबद्दल. लपवून ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं नाही. कपाटाच्या वर, गादीखाली, देवघरामागं, मुलांना सगळं माहीत असतं, तुम्हाला माहीत नसतं एवढंच. भिंतीला बोल्ट केलेली छोटी स्टीलची तिजोरी, हत्यार तिच्यात, काडतुसं वेगळ्या कुलपात, चावी गळ्यात. त्याला एकदा समोर बसवून रिकामं हत्यार दाखवा, हातात द्या, बंदी म्हणून नाही तर कुतूहल संपवायला, आणि सांगा की मित्राच्या घरी असं दिसलं तर हात न लावता बाहेर पडायचं. आणखी एक विचारतो, रागावू नका. मिस्टर गेल्यानंतरची चार वर्षं, झोप नाही म्हणता. घरात तुम्ही किंवा दुसरं कुणीही खूप खचलेलं असेल, जगणं नको वाटण्याचे विचार येत असतील, तर हत्यार घरात आणायची ती वेळ नाही, आधी डॉक्टर, रिव्हॉल्व्हर नंतर.

कायद्याचं एवढंच लक्षात ठेवा. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी खरी भीती असेल तेव्हा, जबरी चोरी किंवा रात्रीची घरफोडी असेल तेव्हा तो हक्क टोकाला जाऊ शकतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही ही अट कायम आहे. चेन तोडून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत तर कोर्टात तुम्ही आरोपी. हवेत बार काढून घाबरवणं पण नको, ती गोळी कुठंतरी खाली येतेच. दसऱ्याला शस्त्रपूजेला झेंडूचं फूल वाहा, फोटो काढा आणि तो स्टेटसला टाकू नका. लग्नात-वरातीत बार काढणाऱ्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे. आणि निवडणूक लागली की हत्यार पोलिस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते, तेवढे दिवस तुमच्याकडे काही नसणार, म्हणून शटरचा सायरन, कॅमेरा आणि चांगला शेजारी हे रिव्हॉल्व्हर आल्यावर पण काढायचे नाहीत.

आज संध्याकाळी एक काम करा. वडिलांचा १२ बोअरचा परवाना काढा आणि रिन्यूअलची तारीख बघा. वयस्कर लोकांच्या बाबतीत ती बऱ्याचदा उलटून गेलेली असते आणि घरातली बंदूक बिनपरवाना होऊन बसलेली असते. तसं निघालं तर उद्याच वडिलांना घेऊन, आधी बंदूक न नेता, फक्त कागद घेऊन ठाण्यात जा. तुमचा स्वतःचा अर्ज त्यानंतर.